वाचकांचे प्रश्न : घराबाहेरच्या सायकली

प्रश्न : आम्ही तळमजल्यावर भाड्याने राहतो. घर दोन खोल्यांचे असून आत एकही सायकल मावत नाही आणि सायकली तर तीन आहेत. घरामागे अडीच मीटर रुंदीची, कोबा केलेली उघडी पट्टी आहे. तिच्या एका अंगाला कमरेइतकी भिंत आणि टोकाला फाटक आहे. गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर आम्ही तिन्ही सायकली प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत गुंडाळून दोरीने करकचून बांधल्या. पाऊस संपल्यावर सोडून पाहतो, तर साखळ्या गंजून ताठ झालेल्या आणि एका सायकलीची सीट काही केल्या वर-खाली होईना. मध्यंतरी एका रात्री कोणीतरी फाटकातून आत येऊन दोरीही कापून गेले. सायकली वाचल्या, पण तेव्हापासून धास्ती बसली आहे. घरमालक भिंतीत खिळासुद्धा मारू देत नाहीत. अशा परिस्थितीत सायकली कोरड्या आणि सुरक्षित कशा ठेवाव्यात? — एक भाडेकरू वाचक

उत्तर : आपले पत्र वाचताना मी ‘करकचून’ या शब्दापाशी थांबलो, कारण साखळ्यांच्या गंजाचे मूळ तिथेच आहे.

उघड्यावरच्या सायकलीवर पाऊस पडतो आणि वारा लागला की ती वाळते. बंदिस्त आवरणाखालच्या ओलीला मात्र बाहेर पडायला वाट नसते. कोबा वरून कोरडा दिसला तरी तो जमिनीतली ओल वर ओढत असतो. दिवसा उन्हाने तापल्यावर ती ओल वाफ होऊन ताडपत्रीच्या आत साठते, आणि रात्री, विशेषतः आभाळ निरभ्र असेल तर, ताडपत्री भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडून तिच्या आतल्या अंगाला त्याच वाफेचे थेंब धरतात. भाड्याच्या पहिल्या घरात मी स्वतः हाच उद्योग केला होता. आठवडाभर पावसाचा टिपूस नव्हता, तरी एका पहाटे प्लॅस्टिकची कड उचलून आत हात घातला तो मनगटापर्यंत भिजून बाहेर आला, आणि साखळीला बोट लावले तर बोटावर तांबूस चिखल. सायकलीची काळजी घेतल्याचे समाधान तोवर मी महिनाभर उपभोगत होतो.

लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू एवढेच लागते, आणि त्या पाण्याला थेंबाचे रूप असण्याचीही गरज नसते. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की धातूच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पापुद्रा धरतो आणि गंजण्याचा वेग वाढू लागतो. त्यात खारी हवा किंवा हातांचा घाम मिसळला की तो आणखी वाढतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत असल्यामुळे खालच्या धातूचे रक्षण करत नाही, आणि साखळीसारख्या शेकडो सांधे असलेल्या भागात तो आतून पसरतो. म्हणून डोक्यावर छत आणि बाजूंनी वारा, अशी मांडणी आपल्याला हवी आहे. गुंडाळण्याचा विचार पूर्णपणे सोडून द्यावा.

आता छत. भिंतीला हात लावायचा नाही, तेव्हा ते स्वतःच्या पायांवर उभे राहणारे असावे लागेल. लोखंडी पाइपांची किंवा लाकडाची चौकट आणि तिच्यावर उतरता पत्रा, एवढे पुरते. इथे बहुतेक लोक चुकतात ते उंचीत. माणसाला उभे राहता यावे म्हणून छत दोन मीटर उंच केले जाते, आणि वाऱ्याने ४५ अंशांत तिरका झालेला पाऊस अशा छताच्या कडेपासून जमिनीवर थेट दोन मीटर आत पोहोचतो. म्हणजे अडीच मीटरच्या पट्टीत कोरडे असे जवळजवळ काहीच उरत नाही. तेच छत सव्वा मीटरवर आणले, तर हँडलच्या उंचीवर पाऊस जेमतेम वीतभर आत येतो. मोठ्या माणसाची सायकल सुमारे १.१ मीटर उंच आणि १.७ ते १.९ मीटर लांब असते, तेव्हा सव्वा मीटरखाली ती सहज उभी राहते. काढता-घालताना तुम्हाला वाकावे लागेल, एवढाच तोटा. ठेंगण्या छताचा एक वरकड फायदाही आहे. आपली भिंत कमरेइतकी आहे, तेव्हा तिच्या आड असले बुटके छत रस्त्यावरून फारसे नजरेत भरत नाही, आणि जे दिसत नाही त्याची टेहळणीही होत नाही.

छताचा उतार सायकलींपासून दूर असावा. पागोळ्या ज्या रेषेत पडतात तिथून उडणारे शिंतोडे बरोबर साखळीच्या आणि रिमच्या उंचीवर येतात, आणि माझ्या अनुभवात वरच्या पावसापेक्षा हे खालून येणारे गढूळ पाणीच जास्त घातक ठरते, कारण त्यात माती असते. चाकांखाली विटा किंवा लाकडी पट्ट्या ठेवून सायकली चार बोटे वर उचलाव्यात; कोब्यावरून वाहणारे पाणी मग खालून निघून जाते आणि टायर ओलीत उभे राहत नाहीत. पत्र्याच्या आतल्या बाजूलाही पहाटे दव धरते, परंतु पुरेसा उतार असेल तर ते थेंब सायकलीवर न टपकता पत्र्याला धरून कडेला ओघळतात. पारदर्शक पत्रा दिसायला छान दिसतो. पण सूर्याच्या अतिनील किरणांनी टायरचे रबर तडकते आणि सीटचे आवरण फाटते, म्हणून मी अपारदर्शकच घेईन.

आवरण वापरू नये असे माझे म्हणणे नाही. तिरक्या पावसाच्या दिवसांत ते उपयोगी पडते, मात्र ते कापडी आणि हवेला झरोके असलेले असावे, जमिनीपासून किमान वीतभर वर संपावे, आणि ओल्या सायकलीवर कधीही चढवू नये. वाऱ्याने फडफडणारे आवरण कानसीसारखे रंग घासत राहते, म्हणून त्याला मधोमध एक सैल पट्टा द्यावा. सैल, हे पुन्हा सांगतो.

चोरीच्या बाबतीत आपल्याकडे एक मोठी उणीव आहे. सायकल कशाला बांधायची, असे पक्के काही त्या पट्टीत नाही. पावसाच्या पाण्याचा पाइप, लाकडी कठडा, फाटकाची जाळी यांपैकी कशालाही कुलूप लावण्यात अर्थ नाही. कुलपाला हात न लावता या वस्तूच तोडता किंवा उचकटता येतात. काँक्रीटमध्ये बोल्टने बसवायचा पोलादी कडा हा उत्तम उपाय आहे. त्याचे बोल्ट एकदा आवळले की बाहेरून सोडवता येऊ नयेत म्हणून त्यांच्या डोक्यातील खाचेत पोलादी गोळी ठोकून बसवण्याची पद्धत आहे. पण तो कायमचा बसतो, आणि भिंतीतल्या खिळ्याला नाही म्हणणारे घरमालक कोब्यातल्या चार भोकांना हो म्हणतील असे वाटत नाही.

तेव्हा भोक न पाडता वजनाचा आधार घ्यावा. काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे २,४०० किलो असते. म्हणजे २५ लिटरचा एक डबा काठोकाठ भरला की तो ६० किलोंचा होतो. डब्याच्या मधोमध जाड पोलादी साखळीचा फास अशा रीतीने ठेवावा की त्याची दोन्ही टोके वर राहतील आणि खालच्या वळणातून हातभर लांबीची सळई आडवी गेलेली असेल. सळई काँक्रीटमध्ये रुतल्यावर साखळी उपसून काढणे अशक्य होते. काँक्रीट आठवडाभर ओले ठेवावे, त्याला पूर्ण बळ यायला २८ दिवस लागतात. छताच्या चौकटीचे मागचे दोन पाय अशाच दोन डब्यांत रोवले, तर वादळात पत्रा उडून शेजाऱ्यांकडे जाण्याचीही भीती राहत नाही. सायकलीचे कुलूप मात्र चौकटीच्या पाइपाला न लावता काँक्रीटमधून आलेल्या साखळीलाच लावावे, कारण पाइप आरीने दोन मिनिटांत कापला जातो. चौघांनी मिळून गाडी आणली तर डब्यासकट सगळे उचलता येईल, हे खरे आहे. परंतु सायकलचोर सहसा एकटा आणि घाईत असतो. दोन डबे, त्यांना बांधलेल्या आणि एकमेकींत अडकवलेल्या तीन सायकली, हे त्याला फाटकातून बाहेर नेण्याजोगे प्रकरण राहत नाही. घर सोडताना डबे तिरके करून गडगडवत नेता येतात. मी माझा एक डबा तीन घरे फिरवला आहे, आणि सामान हलवणाऱ्या माणसांनी प्रत्येक वेळी त्यात काय आहे असे विचारले आहे.

कुलपांमध्ये तारेचे कुलूप सर्वांत दिसायला जाड आणि सर्वांत कुचकामी. त्याच्या जाडीत बराचसा भाग प्लॅस्टिकचा असतो आणि आतली तार हातातल्या कटरने काही सेकंदांत तुटते. मुख्य कुलूप यू आकाराचे असावे किंवा कडक पोलादाच्या कड्यांची साखळी असावी; १६ मिलिमीटरच्या आसपास जाडीची कडक केलेली कडी हाताने चालवायच्या कटरला सहसा दाद देत नाही. विजेरीवर चालणाऱ्या ग्राइंडरपुढे फारच थोडी कुलपे टिकतात, पण ग्राइंडरचा आवाज आणि ठिणग्या लपत नाहीत, म्हणून सायकली झोपण्याच्या खोलीच्या खिडकीखाली ठेवाव्यात. दोन कुलपे लावायची झाल्यास एक यू आणि एक साखळी, अशी वेगळ्या जातीची लावावीत. चोराला दोन्हींसाठी वेगवेगळी हत्यारे बाळगावी लागतात.

यू कुलूप कुठून ओवायचे याबद्दल शेल्डन ब्राउन या अमेरिकी सायकल कारागिराने लोकप्रिय केलेली पद्धत अजूनही ग्राह्य आहे. सीटखालच्या नळ्यांचा जो मागचा त्रिकोण असतो, त्याच्या आत येणाऱ्या मागच्या चाकाच्या रिममधून कुलूप घालायचे. चाक त्या त्रिकोणातून ओढून निघत नाही, त्यामुळे एका छोट्या कुलपात चाक आणि सांगाडा दोन्ही अडकतात, आणि कुलूप छोटे असले की त्यात पहार घालून पिरगाळायला जागाही उरत नाही. कुलूप जमिनीवर टेकू देऊ नये, कारण जमिनीचा ऐरण म्हणून उपयोग करून घणाने ते फोडता येते. किल्लीचे भोक खाली तोंड करून असावे, म्हणजे पाणी आत जात नाही, आणि त्यात ग्राफाइटची कोरडी पूड फुंकावी. तेल घातल्यास धूळ चिकटून महिन्याभरात किल्ली फिरेनाशी होते. पुढचे चाक आणि सीट जर हाताने सुटणाऱ्या खटक्याची असेल, तर तो खटका काढून तिथे किल्लीने किंवा पान्याने सुटणारा बोल्ट बसवून घ्यावा.

तिन्ही सायकली पट्टीच्या लांबीला समांतर, एकीचे तोंड इकडे तर दुसरीचे तिकडे अशा ठेवल्या, म्हणजे हँडले एकमेकांत अडकत नाहीत आणि साधारण दीड मीटर रुंदीत त्या बसतात. उरलेला मीटरभर भाग जाण्यायेण्याला मोकळा राहील.

जाम झालेल्या सीटबद्दल. आपल्या सायकलीचा सांगाडा लोखंडी आणि सीटची दांडी अॅल्युमिनियमची असावी, असा माझा अंदाज आहे. दोन वेगळे धातू आणि त्यांच्यामध्ये खारट ओल अशी जुळणी झाली की त्यांच्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहू लागतो, त्यात अॅल्युमिनियम झिजते आणि तयार होणारा पांढरा क्षार दांडीला नळीत सिमेंटसारखा घट्ट करतो. जोडावर झिरपणारे तेल सोडून एक-दोन दिवस थांबावे, मग सांगाडा नीट धरून दांडी डावी-उजवीकडे थोडी थोडी फिरवून पाहावी. सीटला लांब पाइप लावून जोर करण्याचा मोह होतो. त्यात दांडीऐवजी सांगाडा पिळतो आणि सायकल कायमची जाते. दोन प्रयत्नांत हलली नाही तर कारागिराकडे न्यावी. पुढे दर सहा महिन्यांनी दांडी बाहेर काढून, पुसून, तिला ग्रीसचा पातळ हात द्यावा. दांडी कार्बनची असेल तर ग्रीस न लावता तिच्यासाठी मिळणारा खास लेप वापरावा.

साखळीचे काम रोजचे नाही, पण भिजल्यानंतर ते टाळूही नये. जुन्या सुती कापडात साखळी धरून पायडल उलटे फिरवावे, पाणी टिपले की प्रत्येक कडीच्या सांध्यावर तेलाचा एकेक थेंब सोडावा, पाच मिनिटे थांबावे आणि बाहेरचे तेल पुन्हा पुसून टाकावे. तेल सांध्याच्या आत लागते. बाहेर राहिलेले तेल फक्त धूळ गोळा करते. पाणी हटवणारे पातळ स्प्रे ओल काढण्यापुरते चांगले, मात्र ते लवकर उडून जातात, म्हणून त्यांच्यानंतर साखळीचे तेल द्यावेच लागते. पायडलांमधल्या नळकांड्याच्या खाली बहुतेक सांगाड्यांना पाणी निघून जाण्यासाठी एक बारीक छिद्र असते, ते चिखलाने बुजलेले नाही ना, हे एकदा काडीने पाहून घ्यावे. नाहीतर सीटच्या दांडीवरून उतरलेले पाणी आत महिनोन्महिने साचून राहते.

राहता राहिले घरमालक. छत जमिनीत न रोवता उभे असले तरी त्यांना न विचारता उभारू नये. तोंडी विचारण्यापेक्षा एका कागदावर लांबी-रुंदी-उंचीसह आकृती काढून, काहीही भिंतीत वा जमिनीत बसवले जाणार नाही आणि घर सोडताना सर्व काही काढून नेले जाईल, असे लिहून द्यावे व त्यावर त्यांची संमती घ्यावी. कोब्याची आजची छायाचित्रेही काढून ठेवावीत, म्हणजे आधीपासूनची भेग अनामत रकमेतून वजा होणार नाही. त्याच वेळी सायकलींचा सांगाडा क्रमांक, जो बहुधा पायडलांच्या नळकांड्याखाली कोरलेला असतो, तोही टिपून घ्यावा. चोरी झाल्यास पोलीस आणि विमा कंपनी पहिल्यांदा तोच विचारतात.

प्रश्न : आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. सायकल जिन्याच्या वळणावर उभी करतो, पण शेजाऱ्यांची तक्रार आहे. गॅलरी जेमतेम मीटरभर रुंद असून तिथे भोके पाडण्यास मनाई आहे. — एक वाचक

उत्तर : तक्रार रास्त आहे. आग लागली आणि जिन्यात धूर भरला तर लोक भिंत चाचपडत उतरतात. अशा वेळी वळणावर आडवी आलेली सायकल अनेकांचा जीव धोक्यात घालू शकते, म्हणून बाहेर पडण्याची वाट अडवण्यास बहुतेक ठिकाणी नियमांनीही मनाई असते. सायकल गॅलरीतच न्यावी. जमीन आणि छत यांच्यामध्ये स्प्रिंगच्या किंवा स्क्रूच्या दाबाने घट्ट बसणारा खांब मिळतो, त्याला भोक लागत नाही आणि त्याच्या आकड्यावर सायकल टांगता येते. वरचे छत मात्र पक्के हवे, पोकळ पत्र्याच्या किंवा प्लायच्या छताला असा खांब लावू नये. सायकलीचे वजन १० ते १५ किलो असते, तो भार गॅलरीला जड नाही.

रुंदी वाचवण्यासाठी हँडलचा बोल्ट ढिला करून ते चाकाला समांतर फिरवावे आणि पायडल काढून ठेवावीत. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे लक्षात न घेता अनेकांनी ते सोडवण्याऐवजी आवळून ठेवलेले मी पाहिले आहे. दोन्ही पायडले सोडवताना पाना सायकलीच्या मागच्या चाकाकडे वळवायचा, ही खूण सोपी. सायकल उभी टांगणार असाल आणि तिचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालणारे असतील, तर खाली उतरवल्यावर ब्रेकचे दांडे चार-पाच वेळा दाबून ते कडक लागतात ना, हे पाहूनच निघावे. नळीत हवेचा बुडबुडा असेल तर टांगल्यावर तो सरकतो आणि पहिल्या उतारावर ब्रेक पोकळ लागतो.

प्रश्न : विजेवर चालणारी सायकल छपराखाली बाहेर ठेवली तर चालेल का? — एक वाचक

उत्तर : सायकल चालेल, बॅटरी नाही. बॅटरी दररोज काढून घरात न्यावी. ती सायकलीचा सर्वांत महाग सुटा भाग असल्याने चोराचा पहिला डोळा तिच्यावर असतो, आणि लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली भारित केल्यास तिच्या आत धातूचा थर जमून ती कायमची बिघडते. महिनाभर सायकल वापरायची नसेल तर बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी न ठेवता निम्मी भरलेली ठेवावी. भारित करताना ती दाराजवळ किंवा बाहेर पडण्याच्या वाटेवर ठेवू नये, अंथरुणावर तर मुळीच नाही, आणि तिच्यासोबत आलेलाच चार्जर वापरावा. बॅटरी काढल्यावर सायकलीवर जी उघडी पितळी टोके दिसतात, त्यांवर पाणी जाऊ नये म्हणून रबरी झाकण मिळते. ते मिळाले नाही तर जाड प्लॅस्टिकची पिशवी खालून उघडी ठेवून वरून टोपीसारखी बांधावी.